इंग्रजीतील जर-तरची वाक्ये मराठी माध्यमाच्या मुलांना कशी शिकवावीत आणि सराव कसा घ्यावा?

बालाघाट

धाराशिव जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. 'इफ'ची वाक्ये हा भाग बहुतेक ठिकाणी एका तक्त्यावरून शिकवला जातो: झिरो, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड असे चार प्रकार, प्रत्येकापुढे क्रियापदाचे रूप आणि एकेक उदाहरण. मुले तक्ता पाठ करतात, गाळलेल्या जागा बरोबर भरतात, आणि मनातले एखादे वाक्य इंग्रजीत लिही म्हटले की अडखळतात. माझ्या मते आपण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतो. मुलाच्या डोक्यात वाक्य मराठीत तयार होते आणि मराठीत जर-तरची स्वतःची पक्की व्यवस्था आहे. ती व्यवस्था आधी उलगडून न दाखवता इंग्रजीचा तक्ता हाती दिला, तर मूल मराठीचीच रूपे इंग्रजीत नेऊन बसवते.

आमच्या वर्गात दर वर्षी दिसणारी दोन वाक्ये देतो. पहिले, 'पाऊस आला तर आम्ही सोयाबीन पेरू.' याचे इंग्रजी मुले असे करतात: 'इफ द रेन केम, वी विल सो सोयाबीन.' मुलाने येथे काळजीपूर्वक भाषांतर केलेले आहे, कारण 'आला' हे रूप त्याला भूतकाळाचे म्हणूनच माहीत आहे. दुसरे, 'तो घरी असेल तर त्याला बोलाव.' याचे होते 'इफ ही विल बी ॲट होम, कॉल हिम', कारण 'असेल' हे रूप भविष्यकाळाचे आहे. दोन्ही चुका विचार करणाऱ्या मुलाच्या आहेत, त्यामुळे केवळ 'हे चूक आहे' असे सांगून त्या जात नाहीत. इंग्रजी अशा दोन्ही ठिकाणी साधा वर्तमानकाळ घेते, 'इफ इट रेन्स' आणि 'इफ ही इज ॲट होम', आणि भविष्याची खूण मागे ढकलून मुख्य वाक्यात 'विल'च्या रूपाने ठेवते.

खरी अडचण मात्र पुढे आहे. 'माझ्याकडे ट्रॅक्टर असता तर मी तुमचे शेत नांगरून दिले असते.' हे वाक्य मी आज म्हणू शकतो, आणि मागच्या उन्हाळ्याबद्दलही म्हणू शकतो. मराठीत दोन्हींसाठी तेच 'असता' आणि तेच 'दिले असते' चालते. काळ कोणता ते आपण 'आज' किंवा 'तेव्हा' अशा शब्दावरून किंवा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीला येथे निवड करावीच लागते. आजचे असेल तर 'इफ आय हॅड अ ट्रॅक्टर, आय वुड प्लाऊ युअर फील्ड', आणि मागचे असेल तर 'इफ आय हॅड हॅड अ ट्रॅक्टर, आय वुड हॅव प्लाऊड युअर फील्ड'. सेकंड आणि थर्ड यांमधला गोंधळ येथून निघतो. मराठीत जी सीमारेषा क्रियापदाने आखलेलीच नाही, ती मुलाने तक्त्याच्या जोरावर कशी ओळखावी?

म्हणून मी आता तक्ता शेवटी देतो. आधी मराठी वाक्यालाच दोन प्रश्न विचारायला लावतो: ही गोष्ट घडू शकते का, की घडण्याची वाट बंद आहे? आणि गोष्ट कोणत्या वेळेची आहे? 'असता'चे वाक्य असेल, तर त्यात 'आज' किंवा 'तेव्हा' हा शब्द घातल्याशिवाय इंग्रजीकडे जायचे नाही, असा वर्गाचा नियम आहे. यातून बराच फरक पडला आहे, पण मुले स्वतःहून बोलू लागतील असा सराव मला अजून हवा आहे. आपापल्या वर्गात आपण काय करता, ते कृपया सविस्तर लिहावे.


गोदाकाठ

मी नांदेडला महाविद्यालयात मराठी व्याकरण शिकवते, इंग्रजी नाही. तरीही या धाग्यात लिहावेसे वाटले, कारण आपण ज्या व्यवस्थेबद्दल लिहिले आहे, तिला मराठी व्याकरणात नाव आहे आणि स्पर्धा परीक्षेची मुले ते नाव पाठही करतात. क्रियापदाच्या चार अर्थांपैकी संकेतार्थ तो हाच, आणि 'जर-तर' हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय. एकच विद्यार्थी सकाळी मराठीच्या तासाला 'संकेतार्थ' शिकतो आणि दुपारी इंग्रजीच्या तासाला 'कंडिशनल' शिकतो, आणि ही एकच गोष्ट आहे हे त्याला कोणीच सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आणखी एक आधार मराठीतच आहे. 'स्विच दाबला की दिवा लागतो', 'दूध नासले की फाटते' अशा वाक्यांत आपण 'तर'च्या जागी सहज 'की' घालतो आणि क्रियापद साध्या वर्तमानात ठेवतो. दर वेळी तसेच घडते, हा त्यातला अर्थ. इंग्रजीचा झिरो प्रकार नेमका हाच आहे. मात्र 'पाऊस आला की पेरू' हे वाक्य वेगळे. त्यात पाऊस येणार याची खात्री आहे, म्हणून त्याला 'इफ' न वापरता 'व्हेन' वापरावे लागते. 'आला तर' आणि 'आला की' यांतला फरक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. जून महिन्यात तो ते दोन्ही शब्द घरात ऐकतच असतो.

आमच्याकडे बहुतेक मुलांच्या कानावर दखनी हिंदी असते. हिंदीत 'मेरे पास होता तो देता' आणि 'मेरे पास होता तो दिया होता' अशी दोन रूपे आहेत. पहिले दोन्ही काळांना चालते, पण दुसरे फक्त मागच्या गोष्टीलाच लागते. त्यामुळे 'वुड गिव्ह' आणि 'वुड हॅव गिव्हन' यांतला भेद मराठीतून पटत नसेल, तर हिंदीतून लवकर पटतो. मुलाजवळ असलेली प्रत्येक भाषा वर्गात कामाला लावावी, असे मला वाटते.


परभणीचा परीक्षार्थी

नमस्कार सर, नमस्कार मॅडम. मी परभणीत राहून सरळसेवा भरतीची आणि लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेची तयारी करत आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, त्यामुळे हा विषय आमच्यासारख्यांना टाळता येत नाही. क्लासमध्ये आम्हाला एक सूत्र दिले आहे की 'इफ'नंतर 'विल' कधीही येत नाही. परंतु सरावाच्या प्रश्नांमध्ये 'आय डू नॉट नो इफ ही विल कम' हे वाक्य बरोबर म्हणून दिलेले आढळले. सूत्र खरे की वाक्य खरे? शिवाय 'इफ आय वॉज यू' आणि 'इफ आय वेअर यू' यांपैकी परीक्षेत काय निवडावे?


बालाघाट

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अपवाद न सांगता दिलेले सूत्र हुशार विद्यार्थ्याला जास्त फसवते. ते वाक्य मराठीत म्हणून पाहा: 'तो येईल की नाही, मला माहीत नाही.' येथे 'तर' कोठेही नाही. हा 'इफ' अट घालणारा नसून 'व्हेदर'च्या अर्थाचा आहे, आणि त्याच्या पुढे ज्या काळाची गोष्ट आहे तो काळ, म्हणून 'विल'सुद्धा, येतो. मराठीत 'तर' निघत असेल, तर 'विल' मुख्य वाक्यात. 'की नाही' निघत असेल, तर 'विल' 'इफ'च्या मागोमाग चालेल. एवढी चाचणी परीक्षेच्या सभागृहात मनातल्या मनात करता येते.

दुसरी जागा विनंतीची किंवा तयारी असण्याची. 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द ऑफिसर' यात 'विल'चा अर्थ भविष्यकाळ असा नाही. आपण थांबण्याची तसदी घेणार असाल, तर मी साहेबांना बोलावतो, असा तो अदबीचा 'विल' आहे. हा वापर शुद्ध असला, तरी वस्तुनिष्ठ प्रश्नांत क्वचितच विचारला जातो.

'वेअर' आणि 'वॉज' यांबद्दल सांगायचे, तर बोलण्यात दोन्ही ऐकू येतात, परंतु लेखी आणि परीक्षेच्या इंग्रजीत अवास्तव अटीसाठी 'इफ आय वेअर', 'इफ ही वेअर' हेच निवडावे. 'आय'बरोबर 'वेअर' पाहून मुले दचकतात. त्यांना मी सांगतो की हे रूप मुद्दामच विचित्र ठेवलेले आहे असे समजा. ते कानाला खटकले की ही गोष्ट खरी नाही, हे लगेच लक्षात येते.


गोदाकाठ

याला एक पुरवणी जोडते, म्हणजे दुसरे तितकेच अर्धे सूत्र तयार होणार नाही. 'इफ'नंतर भूतकाळ दिसला की गोष्ट अवास्तवच, असेही नाही. 'काल तो मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) गेला असेल, तर त्याला सोयाबीनचा भाव माहीत असणार' हे 'इफ ही वेंट टू द मोंढा यस्टरडे, ही नोज द सोयाबीन रेट' असे होईल. तो गेला की नाही, ते बोलणाऱ्याला ठाऊक नाही; गेला असण्याची शक्यता खुली आहे. चार प्रकारांच्या तक्त्यात या वाक्याला जागाच नाही, आणि रोजच्या बोलण्यात मात्र ते सतत येते. मुख्य वाक्यात 'वुड' आहे का, हे पाहावे. 'वुड' नसेल, तर भूतकाळ हा खरोखरच भूतकाळ असू शकतो.


मांजराकाठ

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. बारावीच्या प्रश्नपत्रिकेत सूचनेप्रमाणे वाक्य बदलण्याच्या प्रश्नात 'इफ' आणि 'अनलेस' ही अदलाबदल वारंवार येते, आणि गुण सर्वांत जास्त जातात ते 'अनलेस'मध्ये. म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते.

खरीप तोंडावर आला की कृषी विभागाचा आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला वर्तमानपत्रांतून येतो, आणि त्यात एक वाक्य ठरलेले असते: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. या एका वाक्यावर मी पूर्ण तास घेते. 'झाल्याशिवाय' हा शब्द फळ्यावर लिहून मी विचारते की यात 'नाही' कोठे आहे. मुले शोधतात आणि 'शिवाय'वर बोट ठेवतात. नकार त्या शब्दाच्या पोटातच आहे. इंग्रजीत 'अनलेस'चेही तसेच: 'डू नॉट सो अनलेस देअर हॅज बीन ७५ टू १०० मिलिमीटर्स ऑफ रेन.' नकार पोटात असल्यामुळे 'अनलेस'नंतर पुन्हा 'नॉट' घालायचा नाही.

मुले चुकतात, कारण ती 'शिवाय'कडून न येता 'नाही तर'कडून येतात. 'पाऊस झाला नाही, तर पेरू नका' हे वाक्य मनात धरले की हातून 'अनलेस इट डज नॉट रेन' असे लिहिले जाते, आणि अर्थ नेमका उलटा होतो. म्हणून माझ्या वर्गात 'अनलेस'च्या प्रत्येक वाक्याचे मराठी 'शिवाय' घालूनच करायचे, असा दंडक आहे. 'अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस', 'बिल भरल्याशिवाय वीज जोडणार नाहीत', 'अर्जावर सही असल्याशिवाय घेत नाहीत' अशी वाक्ये मुले घरून गोळा करून आणतात. त्यांच्या आई-वडिलांच्या तोंडी दिवसभर हीच वाक्ये असतात, त्यामुळे सामग्री कधी संपत नाही.

मात्र प्रत्येक 'इफ नॉट'चा 'अनलेस' होत नाही, हेही सांगावे लागते. 'तो आला नाही, तर मला वाईट वाटेल' हे 'आय विल बी सॉरी इफ ही डज नॉट कम' असेच राहते; येथे 'अनलेस' बसत नाही, कारण न येणे हेच वाईट वाटण्याचे कारण आहे. 'शिवाय' घालून पाहिले, तर मराठीतही ते वाक्य मोडते. मराठी कान येथेही साथ देतो.

स्वल्पविरामाचे एक वाक्यात सांगते: 'इफ' किंवा 'अनलेस'चा भाग आधी आला तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा, नंतर आला तर बहुधा देऊ नये.


हिंगोलीकर

सर्वांचे लेखन आदराने वाचले, तरी मला एक वेगळे मत नोंदवायचे आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीतले मूल इतकी वर्षे ही भाषा ऐकत आलेले असते, निदान तसे अपेक्षित असते. मग प्रत्येक वाक्य मराठीच्या दारातून आत आणायचे आणि मराठीच्या दारातूनच बाहेर काढायचे, याने ते इंग्रजीत विचार कधी करू लागेल? मी प्राथमिक शाळेत आहे. पाचवीच्या मुलांना मी नियम न सांगता साखळी खेळायला लावतो. पहिला म्हणतो, 'इफ इट रेन्स, द रिव्हर विल राइज.' दुसरा त्याचा शेवट उचलतो, 'इफ द रिव्हर राइजेस, द रोड विल क्लोज.' तिसरा म्हणतो, 'इफ द रोड क्लोजेस, द बस विल नॉट कम.' अशी साखळी वर्गभर फिरते. 'विल राइज'चे 'राइजेस' कसे झाले, ते एकानेही विचारले नाही. कानाने ते आपोआप उचलले. कयाधू नदीला पाणी आल्यावर गावाचा रस्ता बंद होतो, हे त्यांनी पाहिलेले असते, त्यामुळे वाक्य त्यांना खोटे वाटत नाही.

माझे म्हणणे एवढेच की लहान वयात ऐकणे आणि बोलणे आधी झाले, तर नववीत ही तुलना करण्याची वेळच येणार नाही.


बालाघाट

हिंगोलीकर सर, आपली साखळी मी पुढच्या आठवड्यातच नववीत घेणार आहे. तिचे सामर्थ्य असे की एकाच्या मुख्य वाक्यातले क्रियापद दुसऱ्याला अटीत घ्यावे लागते, आणि 'विल' गळून पडण्याचा सराव नकळत होतो. पाचवीसाठी आपली पद्धत योग्य आहे, याबद्दल माझे दुमत नाही.

परंतु माझ्याकडे जी मुले येतात, त्यांच्या हातात 'इफ द रेन केम, वी विल' हे रूप आधीच पक्के बसलेले असते. बसलेली चूक कानाने जात नाही, कारण त्यांच्या कानाला ती चूक वाटतच नाही. तेथे कारण दाखवावे लागते, आणि कारण मराठीत आहे. शिवाय साखळी खुल्या अटींसाठी उत्तम चालते. 'असता'च्या वाक्यांसाठी ती चालवून पाहिली, तर मुले वास्तव आणि अवास्तव यांची सरमिसळ करतात. त्या प्रकारासाठी खरी घडलेली गोष्ट हाताशी लागते, असा माझा अनुभव आहे.


पैठणवासी

शेवटच्या वाक्याला धरून लिहितो. मी इतिहास शिकवतो आणि शाळेत इंग्रजीचे शिक्षक कमी असल्यामुळे आठवीला इंग्रजीही शिकवतो. थर्ड प्रकारासाठी पुस्तकात 'त्याने अभ्यास केला असता तर तो पास झाला असता' असे वाक्य असते. तो कोण, हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे त्याच्या पास होण्या-न होण्याचे मुलांना काहीच वाटत नाही. इतिहास मात्र सगळा घडून गेलेला आणि बदलता न येणारा आहे. 'हॅड' आणि 'वुड हॅव' यांना त्याच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

दुष्काळाचे उदाहरण घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, कारण मांजरा धरण कोरडे पडले होते. 'इफ द मांजरा डॅम हॅड नॉट ड्राइड अप, द वॉटर ट्रेन वुड नॉट हॅव कम टू लातूर.' या वाक्यात दोन 'नॉट' आहेत आणि प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. वाक्यात नकार असेल तर प्रत्यक्षात होकार, आणि वाक्यात होकार असेल तर प्रत्यक्षात नकार, हे मुलांना अशा माहीत असलेल्या घटनेवर चटकन कळते. मी प्रत्येक वाक्याखाली 'खरे काय घडले?' अशी ओळ लिहायला लावतो: 'द डॅम ड्राइड अप. द ट्रेन केम.' ही ओळ ज्याला लिहिता येते, त्याला प्रकार समजला असे मी धरतो.

मिश्र प्रकार, म्हणजे अट मागची आणि परिणाम आजचा, आमच्याकडे जिल्ह्यांवरून शिकवता येतो. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा त्यात पाच जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. पुढे १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये हिंगोली वेगळे झाले. म्हणून, 'इफ जालना, लातूर अँड हिंगोली हॅड नॉट बिकम सेपरेट डिस्ट्रिक्ट्स, मराठवाडा वुड हॅव फाइव्ह डिस्ट्रिक्ट्स टुडे.' येथे 'वुड हॅव' पाहून मुले हा थर्ड प्रकार समजतात आणि 'वुड हॅव हॅड' असे दुरुस्त करू पाहतात. त्यांना सांगावे लागते की येथे 'हॅव' म्हणजे 'असणे' हे मूळ क्रियापद आहे आणि वाक्य आजचे आहे. 'टुडे' हा शब्द त्याचा पुरावा. बालाघाट सरांची 'आज' आणि 'तेव्हा' ही खूण येथे अटीला एक आणि परिणामाला एक, अशी दोनदा लावावी लागते. मराठीत वाक्याच्या दोन्ही बाजूंना 'असते'च येते, म्हणून हे आवश्यक आहे.

जायकवाडी तर आमच्या दाराशी आहे. समन्यायी पाणीवाटपाच्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रात असे होते की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. हे नियमाचे वाक्य आहे, म्हणून झिरो प्रकार: 'इफ द स्टोरेज इज बिलो ६५ पर्सेंट, वॉटर इज रिलीज्ड.' एखाद्या वर्षी सप्टेंबरात बसून आपण त्या वर्षाचा अंदाज बांधू लागलो की तेच वाक्य फर्स्ट होते: 'इफ द स्टोरेज इज बिलो ६५ पर्सेंट धिस ऑक्टोबर, दे विल रिलीज वॉटर.' अट तीच, फक्त नियम सांगतो आहोत की या वर्षीचे भाकीत करतो आहोत, एवढाच फरक. या दोन प्रकारांमध्ये फार मोठी भिंत नाही, हेही मुलांना कळले पाहिजे.


मांजराकाठ

पैठणवासी सरांची पद्धत मला फार पटली. एक विनंती मात्र करावीशी वाटते. आमच्या भागात किल्लारीच्या भूकंपाचे उदाहरण थर्ड प्रकारासाठी सहज सुचते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या दिवशीचे गणपती विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली. 'इफ द अर्थक्वेक हॅड कम बाय डे, फ्यूअर पीपल वुड हॅव डाइड' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने उत्तम आहे. 'वुड हॅव'च्या जागी 'माइट हॅव' ठेवून खात्री आणि शक्यता यांतला फरकही त्यावर शिकवता येतो: 'इफ द वॉल्स हॅड बीन लाइटर, मेनी माइट हॅव सर्व्हाइव्हड.' परंतु वर्गात अशी मुले असतात, ज्यांच्या घरात या वाक्यातला 'जर' तीस वर्षांनंतरही मनातून गेलेला नाही. औसा आणि उमरगा परिसरातल्या वर्गात मी हे उदाहरण स्वतःहून देत नाही. एखाद्या मुलाने दिले, तर शांतपणे फळ्यावर लिहिते आणि पुढच्या वाक्याकडे जाते.


परभणीचा परीक्षार्थी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आपण सांगितल्याप्रमाणे आधी मराठी वाक्य, त्यात 'आज' किंवा 'तेव्हा', आणि मग इंग्रजी अशा क्रमाने सराव केला आहे. कृपया तपासून द्यावे.

'तेव्हा मला जाहिरात दिसली असती, तर मी अर्ज केला असता.' याचे मी 'इफ आय वुड हॅव सीन द ॲडव्हर्टाइजमेंट, आय वुड हॅव अप्लाइड' असे केले.

'आज माझ्याकडे टंकलेखनाचे प्रमाणपत्र असते, तर मी लिपिक पदासाठी पात्र असतो.' याचे 'इफ आय हॅड अ टायपिंग सर्टिफिकेट, आय वुड बी एलिजिबल फॉर द क्लार्क पोस्ट.'

'पाऊस आला तर असावी, म्हणून छत्री घे.' याचे 'टेक ॲन अंब्रेला इफ इट रेन्स.'

'जरी पाऊस आला, तरी परीक्षा होईल.' याचे 'ऑल्दो इट रेन्स, बट द एक्झाम विल बी हेल्ड.'

तसेच 'हॅड आय नोन' अशी 'इफ' नसलेली वाक्ये प्रश्नपत्रिकेत दिसतात, ती कशी ओळखावीत?


बालाघाट

दुसरे वाक्य निर्दोष आहे. 'आज' हा शब्द आपण आधी ठरवला, त्याचा हा परिणाम आहे.

पहिल्या वाक्यात काळ बरोबर ओळखला आहे, पण 'वुड' दोन्हीकडे गेला. मराठीत दोन्हीकडे 'असती', 'असता' असा एकच प्रत्यय ऐकू येतो, त्यामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे एकच रूप असावे असे वाटते. अटीच्या बाजूला 'हॅड' आणि परिणामाच्या बाजूला 'वुड हॅव', म्हणजे 'इफ आय हॅड सीन द ॲडव्हर्टाइजमेंट, आय वुड हॅव अप्लाइड.' आपण 'की नाही' आणि 'तर' ही चाचणी शिकलात, त्याचाच हा पुढचा भाग समजा: 'विल' असो की 'वुड', त्याची जागा 'तर'च्या पुढे.

तिसरे वाक्य सूक्ष्म आहे. आपल्या मराठीत छत्री आधीच घ्यायची आहे, पाऊस आला नाही तरी घ्यायची आहे. 'इफ' घातला, तर पाऊस येईल तेव्हाच छत्री घे असा अर्थ होतो. म्हणून 'टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स.' मराठीत 'असावी म्हणून', 'लागली तर जवळ असू दे' असे काही मनात असेल, तेथे 'इन केस' वापरावे.

'हॅड आय नोन'बद्दल: 'इफ' काढून 'हॅड' वाक्याच्या सुरुवातीला आणले आहे, बाकी काही बदललेले नाही. 'हॅड इट रेन्ड इन जून, वी वुड हॅव सोन अर्ली.' 'वेअर आय इन युअर प्लेस' आणि 'शुड यू नीड हेल्प' ही याच घडणीची. वाक्याच्या सुरुवातीला 'हॅड', 'वेअर' किंवा 'शुड' आहे आणि शेवटी प्रश्नचिन्ह नाही, असे दिसले की तेथे 'इफ' घालून वाचावे.

चौथे वाक्य गोदाकाठ मॅडमनी पाहिले तर बरे होईल.


गोदाकाठ

मराठीत 'जरी-तरी' हे जोडशब्द आहेत, त्यामुळे इंग्रजीतही दोन शब्द घालण्याची ओढ होते. इंग्रजीत 'ऑल्दो' असेल तर 'बट' येत नाही, दोहोंपैकी एकच.

पण येथे 'ऑल्दो'ही बसत नाही. 'पाऊस आला तरी आम्ही गेलो' आणि 'पाऊस आला तरी आम्ही जाऊ' या दोन वाक्यांत 'आला तरी' अगदी सारखे आहे. पहिल्यात पाऊस खरोखर आला होता, दुसऱ्यात तो अजून यायचा आहे, आणि हे आपल्याला शेवटच्या क्रियापदावरून कळते. शेवटी 'गेलो' असेल, तर 'ऑल्दो इट रेन्ड, वी वेंट.' शेवटी 'जाऊ' असेल, तर 'ईव्हन इफ इट रेन्स, वी विल गो.' आपल्या वाक्याच्या शेवटी 'होईल' आहे. तेव्हा 'ईव्हन इफ इट रेन्स, द एक्झाम विल बी हेल्ड.'

आता 'शेंगा वाळल्या नाहीत, तरी त्यांनी काढणी केली' आणि 'शेंगा वाळल्याशिवाय काढणी करू नका' ही दोन वाक्ये आपण स्वतः करून येथे लिहावीत.


परभणीचा परीक्षार्थी

पहिल्याच्या शेवटी 'केली' आहे, म्हणून 'ऑल्दो द पॉड्स हॅड नॉट ड्राइड, दे हार्व्हेस्टेड द क्रॉप.' दुसऱ्यात 'शिवाय' आहे, म्हणून 'नॉट' पुन्हा न घालता, 'डू नॉट हार्व्हेस्ट अनलेस द पॉड्स हॅव ड्राइड.'


मांजराकाठ

दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्यात 'अनलेस'च्या जागी 'अंटिल' ठेवले, तरी चालेल, कारण शेंगा आज ना उद्या वाळणारच आहेत.